ईव्हीच्या जमान्यात तेल आणि कूलंटचं काम: पुण्यात सुरुवात करणाऱ्यांसाठी

मेकॅनिकल करून ल्युब्रिकेशनमध्ये जातोय असं घरी सांगितलं की हल्ली एकच प्रश्न येतो: सगळ्या गाड्या बॅटरीवर चालणार, मग तुझं तेल घेणार कोण? प्रश्न अगदीच चुकीचा नाही. इंजिन ऑइलचा धंदा पुढे आकसणार, हे या लाइनमधले सगळे जाणून आहेत. पण ईव्हीतही गिअर आहेत, बेअरिंग आहेत, मोटर तापतेच. शिवाय या गाड्यांचे पार्ट मशिनवरच बनतात. क्रँकशाफ्ट आणि सिलिंडर ब्लॉकचं काम घटेल, तिथे ॲल्युमिनियमची मोटर हाउसिंग, रोटर शाफ्ट आणि बारीक फिनिशचे गिअर येतील. आकुर्डीची चेतक २०२० मध्ये इलेक्ट्रिक होऊन परतली, चाकणला महिंद्राच्या इलेक्ट्रिक एसयूव्ही बनतात. त्यांना पार्ट पुरवणारे वर्कशॉप भोसरी, चिंचवड, तळेगावात पसरलेत. कामाला तोटा नाही, काम बदलतंय.

मी कूलंट (धातू कापताना मशिनवर सोडतात ते गारवा आणि वंगण देणारं मिश्रण) आणि तेल पुरवणाऱ्या एका कंपनीत टेक्निकल सर्व्हिसला आहे. कंपनीने मला एका ऑनलाइन ट्रेनिंगला बसवलं, त्यात अर्धा भाग ईव्ही ल्युब्रिकेशनचा आणि अर्धा पर्यावरणाला कमी जाचणाऱ्या मेटलवर्किंग फ्लुइडचा, म्हणजे अशा कूलंटचा आणि कटिंगच्या तेलांचा होता. नवीन मुलं ईव्हीच्या भागावर तुटून पडतात, कारण बायोडेटावर ते चांगलं दिसतं. माझं मत उलटं आहे: आधी कूलंट शिका. ईव्ही फ्लुइडवरचं खरं काम मोजक्या लॅबमध्ये आणि मोठ्या कंपन्यांच्या आर अँड डीत चालतं, तिथे फ्रेशरला सहजासहजी कोणी उभं करत नाही. कूलंटची टाकी मात्र भोसरीत प्रत्येक गाळ्यात आहे, आणि ती तपासायला माणूस सगळ्यांनाच हवा असतो.

हत्यारं अगदी साधी. कूलंट किती दाट आहे ते दाखवणारा दोन-तीन हजारांचा रिफ्रॅक्टोमीटर, पीएच पट्ट्या आणि नमुन्यासाठी स्वच्छ बाटली. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून रेषा वाचायची. आलेला आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे. त्याला त्या कूलंटच्या फॅक्टरने गुणायचं. रीडिंग ५ आणि फॅक्टर १.४ असेल, तर टाकीत कूलंट ७ टक्के आहे. फॅक्टर प्रॉडक्टच्या डेटा शीटवर छापलेला असतो आणि वर्कशॉपमध्ये तो बहुधा कुणालाच ठाऊक नसतो. रेषा धूसर दिसली, तर मशिनचं स्लाइडवे किंवा हायड्रॉलिक ऑइल गळून कूलंटमध्ये मिसळलंय असं समजा. ते स्किमरने (वर तरंगणारं तेल ओढून घेणाऱ्या यंत्राने) काढल्याशिवाय रीडिंगवर भरवसा ठेवू नका. नवीन कूलंट बनवताना आधी पाणी, मग त्यात तेल. उलट केलं तर इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण, नीट बनत नाही. टॉप-अपला नुसतं पाणी ओतायची सवय सगळीकडे आहे. ती मोडून पातळ मिक्स ओतायला लावणं, हेच निम्मं काम.

पाण्याकडे कोर्समध्ये फार वेळ देत नाहीत, पुण्यात मात्र द्यावा लागतो. धरणाचं पाणी मऊ असतं. उन्हाळ्यात पुरवठा कमी पडला की टँकर येतो, तो बहुतेक वेळा बोअरचा. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त. त्यात इमल्शन फाटतं, वर साय येते, मशिनवर पांढरे डाग पडतात. मग ऑपरेटर म्हणतो, "साहेब, तुमचा माल बदलला." माल तोच असतो. म्हणून पहिल्या भेटीतच पाणी कुठून येतं ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

इंग्रजी कोर्समध्ये 'सोमवार सकाळच्या वासा'वर एक धडा असतो. सुट्टीत पंप बंद राहतो, वर तेलाचा थर साचतो, खाली हवा पोचत नाही. मग हवेविना वाढणारे जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि मशिन सुरू होताच सडक्या अंड्याचा वास सुटतो. भोसरी-पिंपरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आपल्याकडे हा वास शुक्रवारी सकाळी येतो. व्हिजिट शुक्रवारी पहिल्या शिफ्टला ठेवा. एका गाळ्यातल्या जुन्या ऑपरेटर काकांनी मला हेच सांगितलं होतं: "दुपारी येऊन काय बघणार? पंप फिरला की वास गेला."

आता 'सस्टेनेबल' या भागाकडे. ड्रमवर हिरवं पान छापलेलं असलं की खरेदीवाले खूश होतात. वनस्पती तेलांपासून मिळणारे एस्टर नावाचे घटक खरोखर चांगले असतात, वंगण म्हणून मिनरल ऑइलपेक्षा अनेकदा सरस. पण जे निसर्गात लवकर कुजतं ते टाकीतही जिवाणूंना आवडतं, आणि पाण्यात एस्टरचं विघटनही होतं. त्यामुळे असं कूलंट जास्त काळजीने सांभाळावं लागतं. रसायनांच्या बाजूनेही दबाव आहे: शॉर्ट-चेन क्लोरिनेटेड पॅराफिन २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आवरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत गेले, म्हणजे जड कटिंगसाठीचा एक जुना हुकमी ॲडिटिव्ह हातचा गेला. तासाला काही मिलिलिटर तेल हवेबरोबर फवारणारं एमक्यूएल (मिनिमम क्वांटिटी ल्युब्रिकेशन) काही कामांना मस्त चालतं, खोल ड्रिलिंगला जपून. माझ्या मते सगळ्यात 'हिरवं' कूलंट तेच, जे टाकीत जास्त दिवस टिकतं. चार महिन्यांनी फेकलं जाणारं बायो-कूलंट वर्षभर चालणाऱ्या साध्या कूलंटपुढे हरतं. वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या-आयात करणाऱ्यांवरही ते रीसायकल करून घेण्याची जबाबदारी आली आहे. हे नियम वाचलेला फ्रेशर इंटरव्ह्यूत लगेच उठून दिसतो.

ईव्हीचा भाग अवघड वाटतो, कारण तिथे तेलाला वीज भेटते. बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणाऱ्या इन्व्हर्टरच्या वेगवान स्विचिंगमुळे मोटरच्या शाफ्टवर व्होल्टेज चढतं. बेअरिंगमधला तेलाचा थर ते फोडतं, बारीक ठिणग्या पडतात आणि रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या रेघा उमटतात. याला फ्लूटिंग म्हणतात. अशी रेघा पडलेली बेअरिंग कुठे मिळाली तर हातात घेऊन बघा, फोटोतून ते नीट समजत नाही. मोटर आणि गिअर एकाच तेलात असतील, तर तांब्याचाही प्रश्न येतो. गिअरला वाचवणारे गंधकयुक्त ॲडिटिव्ह तांब्याच्या वाइंडिंगला खाऊ शकतात. त्याची जुनी चाचणी एएसटीएम डी१३० (एएसटीएम म्हणजे चाचण्यांची मानकं ठरवणारी संस्था): घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी गरम तेलात ठेवायची आणि रंग १ए ते ४सी या तक्त्याशी ताडायचा. पण ही चाचणी तेलात बुडालेल्या तांब्यापुरतीच. वरच्या वाफेत काय होतं ते कळायला तांब्याच्या तारेचा रोध मोजणारी चाचणी लागते. त्यात मोटर १५ ते २० हजार आरपीएमने फिरणार, म्हणून तेल पातळ हवं, फेस नको. हब मोटरच्या (चाकातच मोटर असलेल्या) स्कूटरला यातलं फारसं लागू नाही, तिथे सीलबंद बेअरिंगमधलं ग्रीसच काय ते.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या एसटीएलई या वंगण-तज्ज्ञांच्या संस्थेची सीएलएस (ल्युब्रिकेशन) आणि सीएमएफएस (मेटलवर्किंग फ्लुइड) ही नावं या क्षेत्रात ओळखली जातात. सीएलएसला साधारण तीन वर्षांचा अनुभव असावा अशी त्यांची शिफारस आहे, म्हणून कॉलेज संपताच त्याच्या मागे धावू नका. ऑइल ॲनालिसिसमध्ये जायचं असेल तर आयसीएमएल या संस्थेच्या एमएलए (मशिन ल्युब्रिकंट ॲनालिस्ट) सर्टिफिकेटकडे बघा. फी डॉलरमध्ये असते. नोकरीला लागल्यावर कंपनीला भरायला सांगा, बऱ्याच कंपन्या भरतात.

इंटरव्ह्यूत मी हमखास विचारतो: टाकीचा पीएच ९.२ वरून ८.४ वर आलाय, काय करशील? बहुतेक जण 'बायोसाइड (जिवाणूनाशक) टाकीन' म्हणतात. मला ऐकायचं असतं ते असं: आधी टक्केवारी बघीन. ती घसरली असेल तर पीएच उतरायला तेवढंच कारण पुरतं, कूलंट वाढवून पुन्हा मोजीन. टक्केवारी जागेवर असेल तर जिवाणूंचा संशय घेऊन डिप स्लाइड (जिवाणू मोजायची पट्टी) लावीन, तेलाचा थर काढीन, आणि मगच बायोसाइडचा विचार. पीएच एकदम वरही नेणार नाही, कारण साडेनऊच्या पुढे ॲल्युमिनियम काळं पडायला लागतं आणि ऑपरेटरचे हात खाजायला लागतात.