गेम आणि एडिटिंग: ९९५०एक्स३डी की २८५के?

आधी मशीनवर दिवसभर काय चालणार ते ठरवा. गेम आणि रेंडरिंग (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) दोन्ही असेल, तर एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स३डी प्रोसेसर घ्या. कोअर १६, एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) १२८ एमबी. पण जादा कॅश फक्त ८ कोअरनाच मिळते. म्हणून चिपसेट ड्रायव्हर (मदरबोर्डचं एएमडीचं सॉफ्टवेअर) नीट टाका आणि एक्सबॉक्स गेम बार (गेम सुरू झाल्याचं ओळखणारं विंडोजचं अ‍ॅप) काढू नका. तो काढला की गेम भलत्याच ८ कोअरवर जाऊन एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पडू शकतात. विंडोज ‘हलकं’ करणारे हौशी नेमके इथेच फसतात.

इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५केमध्ये कोअर २४ आणि थ्रेडही (एका वेळी चालणारी कामं) २४च. गेममध्ये मागे. मात्र लग्नाच्या शूटिंगचं १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (जास्त रंगमाहितीचं, प्रोसेसरला जड जाणारं) फुटेज क्विक सिंकमुळे, म्हणजे चिपमधल्या व्हिडिओसाठीच्या खास भागामुळे, प्रॉक्सीशिवाय (हलक्या प्रती न बनवता) कापता येतं. पोट त्यावर असेल तर हाच.

रॅमच्या दोनच स्टिक घ्या. रायझनवर चार लावल्या की रॅमचा अधिकृत वेग ५६०० एमटी/सेकंदवरून ३६०० वर येतो.

२८५के पूर्ण लोडवर २५० वॅटपर्यंत ओढतो, रायझन २००. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ३६० एमएमचा लिक्विड कूलर धरूनच बजेट करा. मशीन ताब्यात घेण्याआधी दुकानातच सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) १० मिनिटं चालवा; रायझन ९५ अंशांना चिकटून क्लॉक (वेग) घसरत असेल, तर कूलर पुन्हा बसवून घ्या.