शोभेच्या पामची फळे : तोंडात टाकण्याआधी झाड कसे ओळखावे

सोसायटीच्या कुंपणालगत लावलेल्या पामना लालचुटूक फळांचे घोस लागले, की मुले ती वेचू लागतात आणि ही फळे खाल्ली तर चालतील का, असा प्रश्न हमखास निघतो. त्याचे सरसकट उत्तर देता येत नाही, कारण नर्सरीत ‘पाम’ या एकाच नावाने विकली जाणारी झाडे एकमेकांपासून फार वेगळी असतात. त्यामुळे फळाच्या रंगावर न जाता आधी पान पाहावे.

पानाचे तुकडे माशाच्या शेपटीसारखे त्रिकोणी आणि टोकाला कुरतडल्यासारखे दिसत असतील, तर तो भेरली माड किंवा त्याचाच बेट करून वाढणारा भाऊबंद, फिशटेल पाम होय. भेरली माडाच्या गोड रसापासून श्रीलंकेत कितुलचा गूळ करतात, म्हणून त्याचे फळही खाण्याजोगे असेल असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात मात्र या फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते ओठ, जीभ व घशात रुततात. कच्च्या अळूने घसा खाजतो तोही अशाच स्फटिकांमुळे, परंतु अळूला लावतो ती चिंच-आमसुलाची युक्ती या फळांवर आजमावू नये. आमच्या आवारातल्या माळीबुवांनी एकदा गळालेली फळे उघड्या हातांनी गोळा केली. गर बोटांच्या बेचक्यांत गेला आणि संध्याकाळपर्यंत ते हात बादलीत बुडवून बसले होते. ही फळे उचलताना रबरी हातमोजे घालावेत आणि तो हात डोळ्याला मुळीच लावू नये. उदमांजर ही फळे आवडीने खाते, पण तो आपल्यासाठी दाखला नव्हे.

सर्वांत घातक झाड मुळात पामच नाही. बुटक्या, जाड खोडावर ताठ, टोचऱ्या पानांचा गोल पसारा असलेले सायकस ‘सागो पाम’ या नावानेही विकले जाते. मादी झाडाच्या मधोमध मऊ लवेच्या गादीत केशरी-लाल बिया बसलेल्या दिसतात. त्यांतील सायकासिन या विषामुळे उलट्या होतात व यकृताला इजा पोहोचते; कुत्री या बिया चघळून दगावतात. केरळात सायकसच्या एका जातीच्या बियांचे पीठ पूर्वापार खातात, परंतु ते दीर्घ प्रक्रियेनंतर, आणि ती घरी करून पाहण्याजोगी नाही. (नाव सागो असले तरी आपल्या उपवासाचा साबुदाणा या झाडाचा नसतो, तो कसाव्याच्या कंदापासून होतो.)

अरेका पामच्या पिवळट, लांबट फळांना कित्येक जण सुपारी समजतात. खरी सुपारी पोफळीची. कुंडीतला अरेका मूळचा मादागास्करचा. त्याचे फळ विषारी मानले जात नाही, पण ते खाण्याचे फळही नव्हे. उंच, गुळगुळीत करड्या खोडाच्या रॉयल पामची बारीक जांभळट फळे क्युबात डुकरांना घालतात, यावरून काय ते समजावे.

खाण्याजोगी फळे हवी असतील तर शिंदीकडे वळावे. शोभेसाठी रस्त्याकडेलाही लावल्या जाणाऱ्या या झाडाच्या पानाच्या देठाजवळ लांब, तीक्ष्ण काटे असतात आणि फळ लहान खजुरासारखे दिसते. पूर्ण पिकलेलेच घ्यावे, कारण कच्चे फार तुरट लागते. गर पातळ आणि बी मोठी असल्याने मूठभर फळांतून हाती फारसे काही येत नाही. रस्त्याकडेच्या झाडाची फळे मात्र टाळलेली बरी.

मुलाने भेरली माडाचे फळ चावलेच, तर उरलेला गर तोंडातून काढून गार पाण्याने चुळा भरायला लावाव्यात आणि थोडे दूध किंवा पाणी घोटाघोटाने द्यावे. ओठ किंवा जीभ सुजली, लाळ गळू लागली अथवा श्वास घेणे जड झाले, तर तातडीने रुग्णालय गाठावे. सायकसची बी पोटात गेली असेल तर लक्षणांची वाट पाहू नये, कारण उलट्या काही तासांनीही सुरू होऊ शकतात. दोन्ही वेळी स्वतःहून उलटी करवू नये. निघताना एक फळ आणि पानाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांना झाड ओळखण्यास मदत होते.