गाडीचे मायक्रोफायबर टॉवेल बोरच्या पाण्यात धुवायचे कसे

मायक्रोफायबर टॉवेल धुवायचे व्हिडिओ पाहाल तर जो तो साबणावरच बोलतो. कोणतं लिक्विड घ्यावं, किती झाकणं टाकावी, कोणत्या वासाचं चांगलं. आपल्याकडे, विदर्भातल्या दर्यापूर-मूर्तिजापूर-अकोट या पट्ट्यात, साबणाने टॉवेलचं फारसं काही बिघडत नाही. टॉवेल मरतो तो शेवटच्या पाण्याने. ज्या बोरच्या पाण्यात तुम्ही तो खंगाळता, तेच पाणी त्याच्यात दगड भरून ठेवते आणि मग लोक म्हणतात टॉवेलच हलका होता, पैसे वाया गेले.

हे समजायचं असेल तर टॉवेल काय चीज आहे ते आधी पाहा. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड म्हणजे नायलॉन, साधारण ८०-२० किंवा ७०-३० असं मिश्रण राहते. धागा १ डेनिअरपेक्षा बारीक, म्हणजे ९००० मीटर लांब धाग्याचं वजन १ ग्रॅमच्या आत. वरून तो धागा उभा चिरलेला असतो, त्या चिरांमध्ये धूळ अडकते आणि पाणी धरून राहते. टॉवेलचं सगळं काम त्या चिरांचं आहे. त्या कशानेही भरल्या, मेणाने भरल्या, कपड्यांच्या कंडिशनरने भरल्या की क्षाराने भरल्या, की टॉवेल संपला, मग तो दिसायला कितीही नवा असो.

आता कामाला लागू.

आधी वेगळे करा

पेंटचे, काचेचे, आतल्या डॅशबोर्डचे आणि चाकाचे, असे वेगळे ढीग. रंग ठरवून घेतले तर डोकं लावावं लागत नाही. चाकाच्या टॉवेलात ब्रेकची लोखंडी धूळ आणि वावरातली काळी माती राहते, तो पेंटच्या टॉवेलासोबत एका बकेटीत कधीच नाही. ग्रीस, डिझेल, पेट्रोल पुसलेलं फडकं मशीनमध्ये टाकूच नका, ते फेकायचं, आग लागायची भीती असते. कॉटनचे कपडेही सोबत नको, सुती तंतू मायक्रोफायबर असा पकडतो की नंतर चिमट्याने काढत बसावं लागते. आणि फवारणीची बकेट यासाठी वापरू नका, कितीही धुतली असली तरी नाही.

जो टॉवेल जमिनीवर पडला तो पेंटच्या ढिगातून बाद. धुऊन घेऊ म्हणणारे लय भेटतील, ऐकू नका. आपल्याकडच्या अंगणात कुसळ असते, गोखरू असतो, रेतीचा कण असतो. कुसळ लूपमध्ये, म्हणजे टॉवेलच्या वरच्या धाग्यांच्या फासांमध्ये, आत शिरलं की मशीनमधूनही निघत नाही आणि पुढच्या वेळी काळ्या बोनेटवर गोल गोल रेघा दिसतात. त्याला चाकाच्या ढिगात टाका आणि मोकळे व्हा.

भिजवणे आणि धुणे

कोरडा टॉवेल बाहेर नेऊन झटका, मग कोमट पाण्यात अर्धा तास भिजू द्या. कोमट म्हणजे ज्यात हात आरामात राहतो, ४० डिग्रीच्या आत. गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळलेलं पाणी सरळ ओतायचं नाही, गरमीने ते बारीक धागे आखडतात आणि खरबरीत होतात. पॉलिश किंवा वॅक्स पुसलेला टॉवेल त्याच दिवशी भिजवा, पॉलिशचं कंपाउंड एकदा वाळलं की सुटायला फार त्रास देते.

लिक्विड डिटर्जंट, साधं, ज्यात कंडिशनर मिसळलेलं नाही असं, आणि बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मं. पावडर नको, साबणाची वडी तर नकोच नको. वडीत खडूसारखी पूड भरलेली असते, ती तुम्ही हाताने घासून घासून चिरांमध्ये बसवता. पावडरमध्ये धुण्याचा सोडा असतो, तो जड पाण्यातल्या कॅल्शियमला भेटला की तिथल्या तिथे चुनखडी तयार होते, तीही कापडातच. ब्लीच नको, नायलॉन कमजोर होते. कंडिशनरबद्दल तर वादच नको, ते धाग्यावर थर देते आणि टॉवेल पाणी ओढायचा बंद होतो.

सेमी ऑटोमॅटिकमध्ये सौम्य सेटिंगवर फिरवा किंवा हाताने दाबून दाबून धुवा. इतकंच.

शेवटचं पाणी

मला सगळ्यात जास्त त्रास याच टप्प्याने दिला. साबण बदलून पाहिला, टॉवेल महागाचे आणले, तरी काही धुण्यानंतर टॉवेल पापडासारखा उभा राहायचा. असा टॉवेल कानाजवळ धरून दोन बोटांत चोळा, करकर असा बारीक आवाज येतो. मोबाइलच्या टॉर्चखाली लूप बाजूला करून पाहा, बुडाशी पांढरट भुकटी दिसते. तो साबण नाही, क्षार आहे.

अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या काठाने जो खारपाणपट्टा पसरला आहे तिथे बोरचं पाणी खारं राहते हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण टॉवेलचा खरा वैरी मीठ नाही, मीठ पाण्यात पुन्हा विरघळते. वैरी आहे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे पाण्याचा जडपणा, आणि तो खारपाणपट्ट्याच्या बाहेर गोड लागणाऱ्या विहिरीतही सापडतो. चवीवर जाऊ नका. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम सांगते आणि दुसरं पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते. म्हणजे प्यायला चालणारं पाणीही टॉवेलसाठी लय जड असू शकते. तुमचं पाणी कसं आहे ते कळायला लॅब नाही लागत, उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे गवताच्या जाळ्यांवर, जो पांढरा थर चढते तो पाहा. तोच थर टॉवेलात बसून राहिला आहे.

यावर लोक जे उपाय सांगतात ते आधी बाजूला करतो. तुरटी फिरवा म्हणतात. तुरटीने गढूळ पाणी निवळते, जडपणा जात नाही. आरओचं वाया जाणारं पाणी वापरा म्हणतात, पाणी वाचते म्हणून. अहो, आरओ जे क्षार काढते ते सगळे त्याच पाण्यात जातात, ते तर बोरपेक्षाही जड. त्याने फरशी पुसा, टॉवेल नाही. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तसंच, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहून घट्ट होत जातात. पाणी उकळून, निवळून वरचं घ्यायचं हा उपाय थोडा खरा आहे, त्याने काही जडपणा खाली बसते, पण बकेटभर पाण्यासाठी कोण गॅस जाळते.

मी करतो ते असं. साबण लावून झाला की आधी बोरच्याच पाण्याने खंगाळा, फेस पूर्ण जाईपर्यंत, तीन-चार पाणी लागले तरी लागू द्या. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जाते, कारण पुढे आंबट टाकायचं आहे आणि आंबट साबणाच्या पाण्यात पडलं की दोघं एकमेकांचं काम मारतात. काही जण धुतानाच व्हिनेगर ओततात, काहून ते मला आजपर्यंत कळलं नाही.

फेस गेला की १० लिटरच्या बकेटीत एक पूर्ण कप पांढरं व्हिनेगर, किराणा दुकानात मिळते तेच, ४-५ टक्क्यांचं. सगळीकडे अर्धा कप लिहिलेलं सापडेल. ते मऊ, म्हणजे कमी क्षाराच्या, पाण्याच्या गावचं माप आहे. आपल्या पाण्यात अर्धा कप तर पाण्यातल्याच क्षाराशी लढण्यात खपून जाते, टॉवेलपर्यंत काही पोचतच नाही. कप पूर्ण घ्या, १५-२० मिनिटं टॉवेल बुडवून ठेवा, मधून एकदा वर-खाली करा. केमिकलच्या दुकानातलं घट्ट ॲसिटिक ॲसिड आणून अंदाजाने ओतू नका, हाताची कातडी जाते. आणि व्हिनेगर ब्लीचजवळ कधी नेऊ नका, क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीत तो छातीत भरला तर दवाखान्यात जावं लागते.

जो टॉवेल आधीच कडक होऊन बसला आहे त्याला व्हिनेगर कमी पडते. त्याला लिंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ५ लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, अर्धा-पाऊण तास. पाणी पांढुरकं होताना दिसेल. गरज वाटली तर पुन्हा एकदा.

यानंतर एकच पाणी मऊ पाहिजे. धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर ते बोरपेक्षा बहुतेक बरं निघते. नाहीतर गावात आरओ प्लँट आहे, तिथली एक कॅन आणा, पंधरा-वीस टॉवेल एका कॅनमध्ये निघतात, कारण तुम्हाला धुवायचं नाही, फक्त एकदा बुडवून काढायचं आहे. एसीच्या पाइपातून टपकणारं पाणीही चालते, ते हवेतलं आहे, त्यात क्षार नसतात, बकेट स्वच्छ ठेवा म्हणजे झालं. आणि पावसाळ्यात टिनावरून पडणारं पाणी, याच्यासारखं दुसरं काही नाही. पहिले दोन-तीन पाऊस टिनाची धूळ आणि पाखरांची घाण वाहून जाऊ द्या, मग ड्रम लावा, वरून कपडा बांधा, झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. कंपनीचा महागडा टॉवेल वॉश घेण्यापेक्षा एक चांगला झाकणाचा ड्रम घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो.

मऊ पाणी अजिबातच नसेल तर? मग व्हिनेगरच्या पाण्यातून काढलेला टॉवेल सरळ स्पिनरमध्ये टाका, वरून बोरचं पाणी पुन्हा घालू नका. व्हिनेगर वाळताना उडून जाते, वासही जातो. लिंबूसत उडत नाही, ते चिकट होऊन राहते, म्हणून ते वापरलं तर शेवटचं मऊ पाणी पाहिजेच.

स्पिनरबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. टॉवेलात जेवढं पाणी उरलं, तेवढ्या पाण्यातले क्षार वाळताना टॉवेलातच राहतात. पाणी उडते, क्षार उडत नाहीत. म्हणजे स्पिनरमधून जेवढं पाणी बाहेर फेकलं तेवढे क्षार बाहेर गेले. निथळत टॉवेल दोरीवर टाकणारे इथेच मार खातात. स्पिनर नसेल तर दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरमध्ये गुंडाळून दाबा. पीळ मारून पिळू नका, लूप ओढले जातात.

वाळवणे

छपरीत, सावलीत, हवेवर. आपल्या ४५ डिग्रीच्या मे महिन्यात टॉवेल सावलीत पाहता पाहता वाळतो, उन्हाची गरजच नाही. तापलेल्या टिनावर तर अजिबात नको, जिथे हात ठेवता येत नाही तिथे हे धागे ठेवायचे नाहीत. तारेच्या कुंपणावर टाकाल तर काटे लूप ओढतात. कापूस वेचणीच्या दिवसांत जिनिंगजवळ घर असेल किंवा अंगणात कापूस भरणं चालू असेल तर घरातच पंख्याखाली वाळू घाला, हवेत सरकीचे तंतू उडत राहतात आणि ओल्या टॉवेलवर येऊन बसतात. पावसाळ्यात ओलसर घडी घातली तर कुबट वास धरते, तेव्हाही पंखाच. इस्त्री कधीच नाही.

ठेवणे

घट्ट झाकणाच्या डब्यात, ढिगाप्रमाणे वेगळे. डिझेलच्या कॅनजवळ नको, औषधाच्या डब्याजवळ नको, उंदीर फिरतात तिथे उघडं नको.

नवा टॉवेल आणला की शिवलेलं लेबल कापून टाका, त्याची कड पेंटला लागते, आणि वापरायच्या आधी एकदा एकटा धुवा, रंग आणि सुटे तंतू निघून जातात.

चालतो की नाही ते पाहणे

वाळलेल्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच आत गेला तर चांगला. गोळी होऊन वर बसला किंवा हळूहळू शिरला तर आत काहीतरी भरलेलं आहे, पुन्हा लिंबूसतात घाला. मग एखादी जुनी सीडी घ्या, घरात पडलेली असतेच, तिच्या चमकत्या बाजूवर टॉवेल थोडा दाबून घासा आणि उन्हात तिरपी धरा. नव्या रेघा आल्या तर तो टॉवेल पेंटवर नाही. ही परीक्षा मी गिऱ्हाईकासमोर करून दाखवतो, त्यांना लगेच पटते.

दोनदा लिंबूसतात घालूनही थेंब वरच राहत असेल तर त्याच्या मागे लागू नका. पेंटचा टॉवेल डॅशबोर्डला, डॅशबोर्डचा चाकाला, चाकाचा इंजिनच्या खोलीत, अशी त्याची बदली करत जा, आणि खालून वर मात्र कोणत्याही टॉवेलला कधी आणू नका.