कस्टम इनटेकचा एअर फिल्टर: आधी जागा, मग माप, मग मटेरियल

इंजिनाला हवा नेणारा पाइप आणि फिल्टर बदलून कस्टम इनटेक करायचं ठरलं की पहिला प्रश्न ब्रँडचा येतो. खरं तर तो शेवटी यायला हवा. फिल्टर कुठली हवा ओढणार, हे आधी ठरवा.

कारण साधं आहे. वातावरणाचा दाब म्हणजे सुमारे १० मीटर उंचीचं पाणी. नव्या फिल्टरने हवेचा अडथळा १० सेंटिमीटर पाण्याइतका कमी केला, तरी इंजिनला मिळणारी हवा जेमतेम १ टक्का वाढते. उलट, बाहेर ३५ अंश असताना फिल्टर बोनेटखालची ६५ अंशांची हवा घेत असेल, तर हवेची घनता ९ टक्क्यांनी घसरते. ठाण्यात माजिवड्यापासून घोडबंदर रोडवर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी रांगत निघाली की बोनेटखाली एवढं तापमान व्हायला वेळ लागत नाही. एक्झॉस्टशेजारी उघडा कोन (शंकूच्या आकाराचा फिल्टर) लावलेल्या गाडीचा आवाज वाढतो आणि ओढ कमी होते, त्यामागचं गणित हे आहे.

म्हणून कोन लावायचाच असेल तर बंद बॉक्समध्ये लावा. १.५ मिलिमीटरचा अॅल्युमिनियम पत्रा पुरतो. वरच्या कडेला रबरी बीडिंग लावा. बोनेट बंद केल्यावर ते सगळीकडे सारखं दाबलं गेलं पाहिजे. फिल्टरच्या टोकापासून बॉक्सच्या भिंतीपर्यंत किमान पाइपच्या निम्म्या व्यासाएवढं अंतर हवं आणि बाजूंनी २५ मिलिमीटर. तळाला ८ ते १० मिलिमीटरचं एक भोक ठेवा, म्हणजे उडून आलेलं पाणी साचणार नाही. हवेचं तोंड ग्रिलच्या मागे, कंपनीच्या मूळ तोंडाच्या उंचीवर असावं.

बंपरच्या आत, चाकाजवळ खाली फिल्टर उतरवण्याची डिझाइनं कोरड्या प्रदेशात चांगली चालतात. इथे जून ते सप्टेंबर तो उघड धोका आहे. वंदना टॉकीजजवळ पाणी भरलं की समोरून येणाऱ्या बसची लाट बंपरच्या वर चढते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. फिल्टरवर चढवायचं पाणीरोधक कव्हर शिंतोडे थांबवतं, बुडालेला फिल्टर वाचवत नाही. साध्या विमा पॉलिसीत पाणी जाऊन झालेलं इंजिनचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं इंजिन कव्हर घ्यावं लागतं. आणि केलेला बदल विमा कंपनीला आधी कळवलेला असावा.

आता माप. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३६०० लिटर हवा ओढू शकतं. प्रत्यक्षात सुमारे ८५ टक्के धरा, म्हणजे ३०६० लिटर. ६० मिलिमीटरच्या पाइपातून ही हवा ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे पाइप पुरेसा आहे. अशा इंजिनाला ७६ मिलिमीटरचा पाइप फक्त जागा खातो.

फिल्टरच्या क्षेत्रफळाचा ठोकताळा असा: इंजिनाचे लिटर गुणिले कमाल आरपीएम, भागिले ५३. उत्तर चौरस सेंटिमीटरमध्ये येतं. १.२ लिटर आणि ६००० आरपीएमला ते १३६ येतं. घड्या उलगडून मोजायचं नाही, बाहेरचा घेर गुणिले घड्यांची उंची एवढंच. खालचा व्यास १३, वरचा १० आणि उंची १२ सेंटिमीटर असलेला कोन साधारण ४३० चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे गरजेच्या तिप्पट. हा ठोकताळा तेलाच्या कॉटन फिल्टरचा आहे आणि तो किमान आकार सांगतो. आपल्याकडे घोडबंदरचं बांधकाम, शिळफाटा–महापे पट्ट्यातले डंपर, उरण रोडवरचे कंटेनर यांची धूळ आहे. दुप्पट ते तिप्पट आकार घ्या. मोठा फिल्टर जास्त धूळ साठवतो आणि उशिरा चोंदतो. छोट्या देखण्या कोनाचा मोह टाळा.

मटेरियलमध्ये रोज चालणाऱ्या गाडीसाठी कोरडा सिंथेटिक फिल्टर आमच्या मते सर्वांत योग्य. बारीक धूळ चांगली धरतो, तेलाची भानगड नाही. कागदी फिल्टरही धूळ उत्तम अडवतो, पण भिजला की फुगतो आणि हवा अडते. तेलाच्या कॉटन फिल्टरला अडथळा कमी असतो, मात्र सगळं तेलाच्या मात्रेवर ठरतं. कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर तेल उडून हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळवा (पावसाळ्यात दीड-दोन दिवस धरा), तेल लावून २० मिनिटं मुरू द्या, मगच बसवा. पेट्रोलने धुऊ नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. धागे सरकतात आणि बारीक भोकं पडतात. फोम चिखलात फिरणाऱ्या गाड्यांना ठीक, शहरात त्याची गरज नाही. विकत घेताना आयएसओ ५०११ चाचणीचे आकडे मागा, आणि नुसती टक्केवारी नको, चाचणी बारीक धुळीवर केली की जाड, तेही विचारा.

सेन्सरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण बहुतेक इनटेक इथेच फसतात. तुमच्या गाडीला मास एअरफ्लो सेन्सर आहे की मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर, हे आधी पाहा. मास एअरफ्लो असेल तर त्या जागी पाइपचा आतला व्यास मूळ होता तेवढाच ठेवा. ६५ ऐवजी ७६ मिलिमीटर केला तर छेद ३७ टक्क्यांनी वाढतो, तारेजवळचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी पडतो, ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) हवा कमी वाटते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. सेन्सरच्या आधी किमान १० सेंटिमीटर सरळ पाइप हवा. मूळ नळीत जाळी असेल तर ती काढू नका. ओबीडी स्कॅनरवर (ईसीयूला जोडून आकडे वाचायचं यंत्र) फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने केलेली इंधनाची दुरुस्ती, १० टक्क्यांपलीकडे गेली तर गाडी तशीच पळवू नका. क्रँककेसची ब्रीदर नळीसुद्धा (इंजिनाच्या तळातली वाफ बाहेर सोडणारी) फिल्टरनंतरच्या पाइपाला जोडा, उघडी सोडू नका.

खर्च वसूल झाला का, हे मोजता येतं. पारदर्शक नळी यू आकारात लाकडी पट्टीवर बसवा, रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत भरा आणि एक टोक फिल्टर व थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) मध्ये जोडा. बाजू किमान ६० सेंटिमीटर उंच ठेवा, नाहीतर पाणी इंजिनात ओढलं जाईल. डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटल देऊन आधी जुन्या बॉक्सचा आणि मग नव्याचा फरक वाचा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतलं अंतर म्हणजे अडथळा. नव्याचा आकडा एक-दोन सेंटिमीटरने कमी आला तर ताकद वाढलेली नाही, फक्त आवाज बदलला आहे. हाच आकडा लिहून ठेवा. पुढे तो २० ते २५ सेंटिमीटरने चढला की फिल्टर बदला किंवा धुवा. उगाच दर सर्व्हिसला साफ करू नका. धुळीचा पातळ थर बसल्यावर फिल्टर आणखी बारीक कण अडवू लागतो.

बसवताना पाइपच्या टोकाला उठावदार कड हवी, नाहीतर फिल्टरची रबरी मान घसरते. क्लिप इतकीही आवळू नका की रबराला सुरकुती पडेल. मग फिल्टरनंतरच्या पाइपात आतून बोटभर पट्टीवर ग्रीसचा पुसट हात फिरवा, म्हणजे आत निसटलेली धूळ त्याला चिकटेल. मास एअरफ्लो असेल तर सेन्सरपासून दूर. ५०० किलोमीटरनंतर उघडून पांढऱ्या कापडाने पुसा. वाळूसारखी खरखर किंवा एका बाजूने आलेली धुळीची रेघ दिसली तर आधी क्लिप, मान आणि सांधे तपासा. गळती सापडेपर्यंत मूळ बॉक्स परत लावून गाडी चालवा. तो बॉक्स विकून टाकू नका, वॉरंटीच्या कामालाही लागतो.