वर्गात तिबेट आणताय? मग या चुका टाळा

शाळेत ‘तिबेट दिवस’ ठरला की पालकांच्या ग्रुपवर पहिली सूचना जाते: लाल कापड गुंडाळून मुलाला लामा करून पाठवा. गाडी घसरते ती इथेच. लाल चीवर ही दीक्षा घेतलेल्या भिक्खू-भिक्खुणींची खूण आहे, फॅन्सी ड्रेस नव्हे. घरसंसारातल्या तिबेटी माणसाचा पारंपरिक पोशाख म्हणजे छुपा, कमरेला बांधायचा लांब झगा. तो मुलांनी खुशाल घालावा. मात्र मुलींना छुप्यावर रंगीत पट्ट्यांचं पांगदेन (पुढे बांधायचं एप्रन) बांधू नका. परंपरेने ते लग्न झालेल्या बाईचं. चौथीतल्या मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र दिसावं, तसं ते दिसतं.

पताका करताना

कार्यानुभवाच्या तासाला तिबेटी प्रार्थना-पताका हमखास होतात. रंग मनाला येतील तसे लावले जातात, नेटवरून मंत्र छापून चिकटवला जातो आणि दुसऱ्या दिवशी शिपाईमामा सगळं झाडून कचऱ्यात टाकतात. रंगांचा क्रम ठरलेला आहे: निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा, म्हणजे आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. पंचमहाभूतं आपल्या मुलांना माहीत असतात, त्यामुळे क्रम त्यांच्याकडूनच काढून घेता येतो. मंत्र छापूच नका. त्याऐवजी प्रत्येकाने सगळ्यांच्या भल्यासाठी एक इच्छा लिहावी किंवा चित्र काढावं. दोरी उंचावर बांधा, जमिनीला लागू देऊ नका.

लोसारची तारीख

तिबेटी नववर्ष, लोसार, म्हणजे ‘चायनीज न्यू इयर’ असं फळ्यावर लिहिलेलं मी पाहिलं आहे. दोन्ही पंचांगं वेगळी. २०२५ मध्ये चिनी नववर्ष २९ जानेवारीला होतं आणि लोसार २८ फेब्रुवारीला. २०२६ मध्ये मात्र दोन्हींत एकाच दिवसाचं अंतर. मुलांनी ‘असं कसं?’ विचारलं तर अधिक महिन्याची आठवण करून द्या. तिबेटी पंचांगातही तो असतो.

लोसारचा सगळ्यात मजेदार भाग म्हणजे गुथुक. जुन्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, २९ तारखेच्या रात्री हे दाट सूप घरोघरी होतं. त्यात कणकेचे मोठे गोळे सोडतात आणि प्रत्येक गोळ्यात काहीतरी लपवलेलं असतं. मिरची निघाली तर तुम्ही बडबडे, लोकर निघाली तर मनाने मऊ, कोळसा निघाला तर मनाने काळे. घरात हसून हसून पुरेवाट होते. वर्गात मात्र हाच खेळ उलटतो. कोळसा नेमका ज्याला आधीच रंगावरून चिडवतात त्याच्या हाती येतो, आणि पुढचा महिनाभर तेच नाव पडतं. म्हणून कोळशाची चिठ्ठी शिक्षकांनीच घ्यावी, सगळ्यांसमोर उघडावी आणि स्वतःवर हसून घ्यावं. हो, चिठ्ठ्याच वापरा. लोकर-मिरची खरोखर खाण्यात घालू नका. दुसरीतलं पोर विचार न करता गिळतं.

लिपी सोडून देणं

हा भाग बहुतेक जण ‘अवघड’ म्हणून वगळतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, कारण मराठी मुलांना इथे अर्धं काम झालेलं मिळतं. तिबेटी लिपी सातव्या शतकाच्या सुमारास भारतीय लिपीच्या नमुन्यावर घडली. तिच्यात ३० व्यंजनं आहेत. सुरुवात क, ख, ग, ङ अशी, ‘घ’ नाही. पुढे च, छ, ज, ञ. मग गंमत येते. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो, तिबेटीत दोन्हींना वेगळी अक्षरं आहेत. ‘जग’ आणि ‘जाड’ यांचंही तसंच. दोन्ही उच्चारांचे शब्द मुलांना शोधायला लावा. तास कधी संपला ते कळणार नाही.

धर्माबद्दल थोडक्यात: सगळे तिबेटी बौद्ध असतात असं सांगू नका. तिबेटातली जुनी बोन परंपरा पाळणारे आहेत, तिबेटी मुसलमानही आहेत; त्यांतले काही श्रीनगरला स्थायिक झाले. वर्गातल्या बौद्ध मुलाकडे बोट दाखवून ‘हे तुमचंच’ असंही म्हणू नये. त्याच्या घरची वंदना आणि तिबेटी पूजा यांत बराच फरक असतो. भारताशी धागा जोडायचाच तर आजच्या बिहारमधल्या विक्रमशिला महाविहारातले बौद्ध आचार्य अतीश १०४२ मध्ये तिबेटात पोहोचले, तो प्रवास नकाशावर दाखवा.

पाहुणे बोलावताना

बरेच शिक्षक डिसेंबरात स्वेटर विकणाऱ्या तिबेटी काकूंना शाळेत बोलावतात, आणि त्या नाही म्हणाल्या की नाराज होतात. त्यांची वर्षाची कमाई त्याच दोन-तीन महिन्यांत असते. सकाळी गिऱ्हाईक कमी असताना मुलांना चार-पाचच्या गटाने त्यांच्या स्टॉलवर न्या, आधी विचारून. ‘तुम्ही तिबेटहून कधी पळून आलात?’ हा प्रश्न मुलांना आधीच बाजूला ठेवायला सांगा. त्यांतल्या बऱ्याच जणींचा जन्म भारतातला. गाव कुठलं, लोसारला घरी काय करता, हे विचारावं. कर्नाटकातल्या बैलकुप्पे किंवा मुंडगोड या तिबेटी वसाहतींचं नावही ऐकायला मिळू शकतं. विदर्भातल्या शाळांना तर लांब जायलाच नको: गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. सहल न्यायची तर वसाहतीच्या कार्यालयाला आधी पत्र पाठवा, शिकवायला कोणी वेळ देणार असेल तर मानधन ठरवा, आणि लोसारच्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा घरोघरी पाहुणे असतात.