बर्फात निघायच्या आधीची तयारी, अडकणार हे धरूनच

थंडीतल्या प्रवासाच्या याद्या बघितल्या तर बहुतेक सगळ्या कपड्यांच्याच असतात, थर्मल घ्या, जॅकेट घ्या, लिप बाम विसरू नका, ते ठीकच आहे, पण खरा खोळंबा होतो तो बर्फ पडून थांबल्यावर. बाहेर स्वच्छ ऊन पडलेलं असतं आणि आपण मात्र एअरपोर्टच्या फरशीवर नाहीतर हायवेवर गाडीत तसेच बसून. डिसेंबर २०१० मध्ये लंडनच्या हीथ्रोला हेच झालं. रनवे त्यामानाने लवकर साफ झाला, पण विमानं जिथं पार्क केलेली असतात त्या जागाच बर्फानं भरल्या होत्या, विमानं हलवणार कशी, आणि त्या पाच दिवसांत चार हजारांच्या आसपास फ्लाइट्स कॅन्सल झाल्या. म्हणून एक रात्र आहात तिथंच काढावी लागली तर जवळ काय पाहिजे, या हिशोबाने तयारी करा.

बॅग भरायच्या आधी बुकिंगकडे बघा, कारण निम्मं नुकसान तिथंच ठरलेलं असतं. दोन फ्लाइट्स असतील तर एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढून दोन पैसे वाचतात खरे, पण पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर दुसऱ्या एअरलाइनला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. कनेक्शन तासाभराचं नको, आणि शक्य असेल तर सकाळची फ्लाइट घ्या, कारण दिवसभराचे लेट एकावर एक साचत जाऊन संध्याकाळच्या फ्लाइटवरच येऊन पडतात. लग्न, परीक्षा, व्हिसाची मुलाखत असलं काही गाठायचं असेल तर एक अख्खा दिवस मध्ये मोकळा ठेवा. इन्शुरन्स घेणार असाल तर तिकिटाबरोबरच घ्या, वादळाच्या बातम्या सुरू झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या वादळासाठी सहसा चालत नाही. आणि हवामानाचा इशारा आला की एअरलाइनचं ॲप बघत राहा, बऱ्याचदा वादळाच्या एकदोन दिवस आधी तारीख फुकट बदलून मिळते, तेव्हा लाजू नका, बदलून टाका, ऐनवेळी त्याच सीटसाठी शेकडो लोक लाइनीत असतात.

आता हातातली बॅग. चेक-इन केलेली बॅग फ्लाइट कॅन्सल झाली की लगेच हातात येईल हे डोक्यातून काढून टाका, ती कुठल्या तरी बेल्टखाली दोन दोन दिवस पडून राहते. त्यामुळे औषधं सगळी जवळ, आणि प्रवासाच्या दिवसांपुरती मोजून नाही तर चारपाच दिवसांची जास्तीची, सोबत प्रिस्क्रिप्शन आणि त्यावर औषधाचं मूळ नाव, फक्त ब्रँडचं नाही, कारण परक्या देशात तो ब्रँड मिळेलच असं नाही. इन्सुलिन असेल तर ते गोठता कामा नये, एकदा गोठलेलं वापरायचंच नाही, तेव्हा कपड्याच्या आत अंगाजवळ ठेवा. एक जोड कपडे, दोन जोड लोकरी मोजे (सुती मोजा एकदा भिजला की थंडी घालवायच्या ऐवजी वाढवतो), टूथब्रश, लहान मुलं असतील तर डायपर आणि दुधाची पावडर दुप्पट. पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते आणि साधारण १०० वॉट-अवरपर्यंतची परवानगी न विचारता चालते, म्हणजे २० हजार एमएएचची बिनधास्त चालते. रिकामी बाटली सिक्युरिटी झाल्यावर भरून घ्या आणि खाण्याचं काहीतरी जवळ ठेवा, कारण विमानात बसलात म्हणजे सुटलात असं नाही. पंखांवरचा बर्फ काढायला गरम द्रव मारतात, त्यावर परत बर्फ साचू नये म्हणून दुसरा मारतात, आणि त्याचा असर ठरावीक वेळच टिकतो, तेवढ्यात टेकऑफ नाही झालं तर परत सगळं पहिल्यापासून, आणि या भानगडीत क्रूचे ड्युटीचे तास संपले की सगळ्यांना खाली उतरवतात. आत बसलेल्याला वाटतं पायलट टंगळमंगळ करतोय, पण पंखावर पातळ थर जरी राहिला तरी विमानाला पुरेशी उचल मिळेलच असं नाही, तेव्हा तिथं भांडून काही उपयोग नाही.

ट्रेनवाल्यांनी स्वतःला सुरक्षित समजू नये. रुळांचे सांधे बर्फानं जाम होतात, ते गरम ठेवायला हीटर असतात पण सगळीकडे नसतात. १८ डिसेंबर २००९ च्या रात्री तर युरोस्टारच्या पाच गाड्या इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातच बंद पडल्या, बाहेरचा भुरभुरीत बर्फ इंजिनात शिरला होता आणि बोगद्याच्या उबेत त्याचं पाणी होऊन इलेक्ट्रॉनिक्स गेलं. दोन हजारांहून जास्त लोक अंधारात, एसी बंद, पाणी संपलेलं. म्हणजे थंडीच्या प्रवासात गुदमरायची वेळ आली. तेव्हा छोटी टॉर्च, पाणी आणि काढता घालता येतील असे थरांचे कपडे सीटजवळच्या बॅगेत ठेवा, एकच जाडजूड कोट असेल तर तो काढला तरी पंचाईत आणि घातला तरी पंचाईत.

गाडीनं जाणार असाल तर सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. पहिलं म्हणजे टायर. साध्या टायरचं रबर साधारण ७ डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं आणि पकड जाते, बर्फ नसला तरी. विंटर टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं, ते बघून घ्या, नुसतं एम प्लस एस (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असलं म्हणजे त्याची बर्फावर टेस्ट झालीय असं नाही. भाड्याची गाडी घेत असाल तर बुक करतानाच विचारा, काउंटरवर गेल्यावर ‘नाही’ असंच उत्तर येतं. बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या चेन घेतल्या तर घरी कोरड्या जागेत एकदा चढवून बघा, कुठल्या चाकांना लावायच्या ते मॅन्युअलमध्ये असतं, अंधारात गोठलेल्या बोटांनी शिकायची ती गोष्ट नाही.

बॅटरी जुनी असेल तर निघायच्या आधी चेक करून घ्या, थंडीत तिचा जोर बराच कमी होतो आणि इंजिन सुरू करायला तर उलटा जास्त लागतो. काच धुवायच्या टाकीत साधं पाणी नको, गोठतं. डिझेल गाडी असेल तर कडक थंडीच्या भागात पोचल्यावर तिथलं हिवाळी डिझेल भरा, साध्या डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर बसतो. इलेक्ट्रिक गाडीची रेंज थंडीत चांगलीच खाली येते, तेव्हा पुढच्या चार्जरपर्यंत पोचेल एवढ्यावर भागवू नका. कुठलीही गाडी असो, टाकी किंवा चार्ज निम्म्याच्या खाली गेला की भरायचं.

आत काय ठेवायचं, तर जाड रग माणशी एक, पाणी, सुका खाऊ, टॉर्च, गाडीत चालणारा चार्जर, बर्फ खरवडायचा स्क्रेपर, जंपर केबल (बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायला), भडक रंगाचं कापड, थोडी वाळू चाकाखाली टाकायला, आणि फावडं. फावडं डिकीत नको, आत सीटखाली ठेवा, डिकीवर बर्फ साचून ती उघडलीच नाही तर फावडं काढायला फावडं कुठून आणणार. ३ जानेवारी २०२२ ला अमेरिकेत व्हर्जिनियात आय-९५ हायवेवर गाड्या चोवीस तासांच्या वर अडकल्या होत्या, त्यात सिनेटर टिम केन पण होते, सत्तावीस तास. आधी पाऊस पडला म्हणून रस्त्यावर मीठ टाकूनही उपयोग नव्हता, वाहून गेलं असतं, मग बर्फ धपाधप आला आणि ट्रक आडवे झाले.

पुढचं मात्र पाठच करा. अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, बर्फाच्या वाऱ्यात दोनशे मीटरवरची दिशा पण कळत नाही. इंजिन सतत चालू ठेवू नका, तासाला साधारण दहा मिनिटं पुरे, आणि प्रत्येक वेळी चालू करायच्या आधी खाली उतरून मागचा सायलेन्सरचा पाइप बर्फातून मोकळा करा, खिडकी बोटभर उघडी ठेवा. पाइप बुजला की धूर आत येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथं पर्यटकांच्या गाड्या बर्फात अडकून वीसहून जास्त लोक गाडीतच गेले, थंडीनं आणि या वायूनं, असंच तेव्हाच्या बातम्यांमध्ये होतं. सगळ्यांनी एकदम झोपू नका, एकजण जागा.

चालवताना पुलांवर जपून, पुलाला खालूनही थंड हवा लागते म्हणून तो आधी गोठतो. रस्ता नुसता ओला दिसतो आणि असतो बर्फ. ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तकातच लिहिलंय की बर्फावर थांबायला दहापट अंतर लागू शकतं. मीठ टाकलेला रस्ता म्हणजे सेफ असंही नाही, उणे ९-१० च्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही. मॅप तुम्हाला ट्रॅफिक चुकवून आतल्या रस्त्यानं घालायला बघेल, ऐकू नका, तो रस्ता मोकळा दिसतो कारण तिथं कोणी जातच नाहीये, आणि बर्फ काढणारी गाडी पण तिथं सगळ्यात शेवटी जाणार. मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा. फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी वीस टक्क्यांवरून डायरेक्ट बंद पडते. कुठल्या रस्त्यानं जाताय आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर चौकशी करायची हे घरी कोणाला तरी सांगून निघा, आणि परत फिरायची जागा निघायच्या आधीच ठरवा, गाडीत बसल्यावर सगळ्यांना पुढंच जायचं असतं.

शेवटी पैशाचं. युरोपियन युनियनच्या २६१/२००४ नियमानुसार हवामानामुळे फ्लाइट कॅन्सल झाली तर नुकसानभरपाई सहसा मिळत नाही, पण जेवण, हॉटेल आणि रिफंड किंवा दुसरी फ्लाइट हे द्यावंच लागतं, आणि काउंटरवरचा माणूस ते आपणहून सांगेलच असं नाही. अमेरिकेत कॅन्सल झालेल्या फ्लाइटनं जायचंच नाही ठरवलंत तर रिफंड मिळतो, हवामानासाठी हॉटेल द्यायची सक्ती नाही. कुठंही असलात तरी कॅन्सलेशनचं कारण लेखी किंवा मेसेजवर मागून घ्या, बोर्डाचा फोटो काढा, जेवणाखाणाची आणि टॅक्सीची बिलं त्याच दिवशी फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण ती कागदं खिशात ओली होतात आणि आठवड्यानं क्लेम भरायला बसाल तेव्हा त्यावर आकडाच दिसत नाही.