फुंकरीने न सुटलेला प्रश्न

पंचवटीतील आमच्या घराच्या माळ्यावर लहानपणीचा ८ बिटचा व्हिडिओ गेम सापडला, परंतु कॅसेट घातली की टीव्हीवर नुसते करडे चौकोन लुकलुकत. जुन्या सवयीने मी फुंकर मारून पाहिली. वास्तविक फुंकरीतील ओलाव्याने आतील तांब्याच्या पट्ट्या उलट अधिकच खराब होतात. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ मधील फॅमिकॉम या गेमयंत्रावर बेतलेल्या अशा यंत्रांच्या कॅसेटला ६० पट्ट्या असतात, दोन्ही बाजूंना ३०-३०. मेन रोडवरून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचे बोळे किंचित भिजवून मी प्रत्येक पट्टी उभी पुसत गेलो, तेव्हा चौथ्या बोळ्यापर्यंत हिरवट-काळे किटण निघत राहिले. अर्धा तास वाळवून कॅसेट बसवली आणि चित्र स्वच्छ उमटले. आवाज मात्र अजून खरखरतो.